राष्ट्रपतींना मत कोण देतं?

(अक्कलकुवा तालुक्यातील वसतिगृहात आठवी ते दहावीच्या मुलांपुढे केलेलं भाषण)

मुलांनो, परवा तुमच्यातल्याच एका मुलीने मला विचारलं, “ताई, माझी आई आमदाराला मत देते, खासदाराला देते. मग राष्ट्रपती निवडायला तिला का बोलावत नाहीत?”

प्रश्न मोठा आहे. राष्ट्रपतींना निवडतात लोकसभा-राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार. विधान परिषदेच्या आमदारांना हे मत नाही, नेमलेल्या खासदारांनाही नाही. म्हणजे तुझी आई मत देते, पण दुसऱ्याच्या हातून.

आता गणित. वही काढा. 1971 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 5 कोटी 4 लाख 12 हजार 235 होती. तिला 288 आमदारांनी भागा, मग 1000 ने. आले 175. आमदाराच्या एका मताचं हे मूल्य. मुंबईच्या आमदाराचं 175, आपल्या अक्कलकुव्याच्या आमदाराचंही 175! उत्तर प्रदेशात ते 208, सिक्कीममध्ये फक्त 7. लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांचं नुकसान होऊ नये म्हणून 1971 चाच आकडा ठेवला आहे. इतका जुना आकडा मला खटकतो, पण कारण समजतं.

मतपत्रिकेवर शिक्का नसतो, पसंतीचे आकडे लिहायचे: 1, 2, 3. जिंकायला निम्म्याहून जास्त मूल्य लागतं. 1969 मध्ये व्ही. व्ही. गिरींना दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावरच विजय मिळाला.

2022 मध्ये द्रौपदी मुर्मू यांना 6,76,803 मूल्याची मतं पडली, यशवंत सिन्हांना 3,80,177. ओडिशातल्या मयूरभंजच्या, संताळ समाजाच्या, एकेकाळी शिक्षिका आणि रायरंगपूरच्या नगरसेविका असलेल्या बाई आज राष्ट्रपती आहेत. तेव्हा आपल्या पाड्यांवरही बायका ही बातमी सांगत होत्या.

आपल्याला याचं काय? अनुसूचित क्षेत्र कोणतं, हे राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतं. आपला तालुका त्यात आहे, म्हणून इथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे आणि ग्रामसभेला जास्त अधिकार आहेत. पाचव्या अनुसूचीप्रमाणे राज्यपाल या क्षेत्रांचा अहवाल राष्ट्रपतींनाच देतात.

त्या मुलीने पुढे विचारलं, “मग आमदाराने कुणाला मत दिलं, ते आईला विचारता येईल?” विचारता येईल, पण मतदान गुप्त असतं, सांगायला ते बांधील नाहीत. ती मागच्या रांगेत बसली आहे. अजून तिला पटलेलं दिसत नाही.