बजेटमधलं अकॉर्डियन: पप्पा, १२० बटणं आणि माझे बुडालेले ९ हजार

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज पियानो अकॉर्डियनबद्दल बोलणार आहे. तेच, छातीला बांधून भाता ताणत वाजवतात ते. १९६९ चा 'आराधना' आठवतो ना? त्यातल्या पावसाळी रात्रीच्या गाण्यात जे अकॉर्डियन वाजतं, ते केरसी लॉर्ड यांचं. पुण्याचे एनॉक डॅनियल्स, मुंबईचे गुडी सिरवाई, ही सगळी या वाद्यातली मोठी नावं. आणि आमच्या घरात ही नावं क्रिकेटर्ससारखी घेतली जायची.

कारण आमचे पप्पा. कोल्हापूरला एसटीत कंडक्टर होते. ऐंशीच्या दशकात गणपतीत एका ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचे. पण अकॉर्डियन मालकाचं. कार्यक्रम संपला की ते पेटीत, पेटी टेम्पोत आणि पप्पा पहाटेच्या ड्युटीला. स्वतःचं कधी झालंच नाही. रिटायर झाल्यावर मी ठरवलं, आपण घेऊन द्यायचं. बजेट ४० हजार. आता एवढ्यात काय येतं, काय तपासायचं, हे मी पैसे घालवून शिकलोय, म्हणून हा एपिसोड.

पहिली चूक. सरप्राइज द्यायचं म्हणून मी न विचारता ऑनलाइन नवीन अकॉर्डियन मागवलं. लाल, चकाचक, २२ पट्ट्या, ८ बेस, ९ हजार रुपये. पप्पांनी बॉक्स उघडला, डावा हात आत घातला, बटणं चाचपली आणि विचारलं, "अरे, ह्यात मायनर कुठाय?"

नव्हतंच! बघा, उजव्या हाताला पियानोसारख्या पट्ट्या असतात, ते सगळ्यांना दिसतं. डाव्या हाताची बटणं म्हणजे बेस आणि तयार कॉर्ड. एक बटण दाबलं की अख्खा कॉर्ड वाजतो. ८ बेसमध्ये सहसा चार बेसचे सूर आणि त्यांचे चार मेजर कॉर्ड, बास. आपली अर्धी गाणी मायनरमधली. म्हणजे ते लहान मुलांसाठी ठीक आहे, ऑर्केस्ट्रात वाजवलेल्या माणसासाठी नाही. परत घेतलं नाही त्यांनी, तो वेगळा विषय.

मग किती बेस हवेत? पूर्ण आकाराचं अकॉर्डियन ४१ पट्ट्या आणि १२० बेसचं. त्याखाली ९६, ७२, ४८ वगैरे. ४८ बेसमध्ये साधारण १२ रांगा, प्रत्येकीत ४ बटणं. म्हणजे बाराही सुरांचे बेस मिळतात, मेजर-मायनरही मिळतात. एक मजेची गोष्ट सांगतो. बटणं सा-रे-ग अशी ओळीनं नसतात, शेजारशेजारची दोन बटणं म्हणजे सा आणि पंचम. त्यामुळे गाण्याला लागणारे कॉर्ड हाताच्या आसपासच सापडतात. आणि सी च्या बटणावर खळगा किंवा खडा असतो, न बघता बोटाला कळावं म्हणून. मला पूर्ण डिझाइनमध्ये हे सगळ्यात आवडलं. बघता येत नाही, तर स्पर्शानं शोधा.

तर दुसरा प्रयत्न. या वेळी पप्पांना सोबत घेतलं. पुण्यात एकाकडे जुनं जर्मन १२० बेस होतं, किंमत ३८ हजार. पप्पांनी ते बघितलं आणि बोलायचेच थांबले. ऑर्केस्ट्रातलं अगदी असंच होतं म्हणे. बसले, बेल्ट चढवले, वाजवायला लागले. मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं. दोन सूर वाजत नव्हते, ते चुकवून, वळसा घालून वाजवत होते. थांबले आणि म्हणाले, "घेऊया."

इथे मला वाईट माणूस व्हावं लागलं.

मी आधी हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडून भात्याची टेस्ट शिकून गेलो होतो. भात्याच्या पट्ट्यांची बटणं काढायची, पट्ट्यांची बाजू वर धरायची, काहीही न दाबता खालची बाजू स्वतःच्या वजनानं लोंबू द्यायची. भाता चांगला असेल तर एकदम सावकाश उघडतो. हा तीन सेकंदांत धाडकन उघडला. म्हणजे हवा गळतेय. गळतं भाता असेल तर वाजवणाऱ्याला दुप्पट ताणावं लागतं, आणि पप्पांच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. बॅगा मोजायचा हुकवाला काटा नेला होता. ११ किलो भरलं.

आणि आतली गोष्ट तर अजून वाईट. आपल्या पेटीत हवा एकाच दिशेनं जाते. अकॉर्डियनमध्ये भाता उघडताना एक रीड वाजतं, मिटताना दुसरं, त्याच पट्टीचं. म्हणून प्रत्येक पट्टी दोन्ही दिशांनी वाजवून बघायची, एका दिशेला नीट वाजली म्हणून पुढं जायचं नाही. आता हिशेब करा. त्या वाद्यात उजवीकडे रीडचे चार संच. ४१ गुणिले ४ गुणिले २, झाले ३२८. डावीकडे बटणं १२० असली तरी सूर बाराच, त्यांचे पाच संच, म्हणजे अजून १२०. एकूण ४४८ पोलादी जिभा. त्या ज्या प्लेटवर असतात, त्या प्लेटी लाकडी ठोकळ्यावर मेणानं चिकटवलेल्या असतात. हो, मेण! मेण आणि राळ. ते जुनं झालं की ठिसूळ होतं, प्लेट सैल पडते, सूर खरखरतो. काकांना फोन केला. ते म्हणाले, सगळं मेण काढून नवीन घालायचं आणि परत सुरात लावायचं तर वाद्याच्या किमतीएवढाच खर्च येईल, आणि एवढं काम हातात घेणारा माणूस आधी शोधावा लागेल.

मी पप्पांना म्हटलं, नको. ते काही बोलले नाहीत. पुणे ते कोल्हापूर, साताऱ्यापर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाले, "तुझं बरोबर असंल. पण दोन मिनिटं अजून वाजवू द्यायचं होतंस." ते अजून लागतं मला.

दोन महिन्यांनी वसईला एका रिटायर झालेल्या शिक्षकांकडचं ४८ बेसचं मिळालं. २६ पट्ट्या, वजन ६ किलो, ३१ हजार. या वेळी मी घाई केली नाही, दीड तास बसलो. भाता सावकाश उघडला. बॉक्स उघडल्यावर वास घेतला. हसू नका, बुरशीचा वास आला तर आत चामड्याच्या बारीक झडपा आणि भात्याचा पुठ्ठा ओलसर झालेला असू शकतो, आणि वसईच्या पावसात ते सहज होतं. पोलादी रीडला गंजही लागतो. प्रत्येक बटण दाबलं, एक आत रुतत होतं. मग फोनवर ट्युनर ॲप लावलं. इथे दोन गोष्टी सांगतो. बऱ्याच अकॉर्डियनमध्ये दोन रीड मुद्दाम एकमेकांपासून किंचित हलवून लावतात. एक ४४० आणि दुसरं ४४३ असेल तर सेकंदाला तीन लाटा ऐकू येतात. तो थरथरता आवाज म्हणजे बेसूरपणा नव्हे. म्हणून एकच रीड वाजेल असं रजिस्टर निवडून तपासा. आणि सगळं वाद्य थोडं चढं, ४४२ वगैरे निघालं तर घाबरू नका, ही प्रथा आहेच. एखादाच सूर भलतीकडे गेला असेल तर तो पकडा.

दुरुस्तीला ४,५०० गेले. बटण, तीन झडपा, नवे बेल्ट. मी ते बजेटमध्ये आधीच बाजूला ठेवले होते, तुम्हीही ठेवा.

ब्रँडबद्दल विचारणार तुम्ही. इटलीत कास्टेलफिदार्दो हे अकॉर्डियनचं गाव, जर्मनीत क्लिंगेनथालचं वेल्टमायस्टर, ट्रॉसिंगेनचं होनर. होनरची ब्राव्हो मालिका चीनमध्ये बनते. हे माहीत असावं, पण जुन्यात नावापेक्षा हातातला पीस बघा. कडक नाव आणि गळका भाता काय कामाचा?

आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका कधी. मेण लक्षात आहे ना?

पप्पांची तक्रार सुरूच आहे. २६ पट्ट्या म्हणजे दोन सप्तकांच्या जरा वर, "ह्याला खाली जागाच न्हाई." मग गाणं पट्टी बदलून बसवतात. रोज संध्याकाळी पाऊण तास, खांदा दुखत नाही म्हणतात. खरं किती ते आईला माहीत.

पुढच्या एपिसोडच्या शेवटी त्यांचं रेकॉर्डिंग लावतो. मी तीन टेक घेतलेत. त्यांची अट आहे की मायनर चुकलेला टेक लावायचा नाही, आणि मला ऐकून अजून कळलेलं नाही की तो कुठला.