नांव नसलेल्या मांजराची समाधि

घरांत पाळलेल्या प्राण्यांपैकीं कुत्र्याचें गुणगान सर्वत्र ऐकूं येतें. त्याच्या इमानाच्या गोष्टी शाळेंतील मुलांनाही पाठ असतात. मांजराच्या वांट्याला मात्र असें भाग्य फारसें आलेलें नाहीं. तें माणसावर नव्हे, घरावर प्रेम करतें. दुधापुरतें जवळ येतें आणि दूध संपलें कीं पाठ फिरवितें, असा त्याचा लौकिक आहे. तथापि ज्या घरांतून एखादें मांजर कायमचें निघून गेलें, त्या घरांतील माणसांची दृष्टि कित्येक दिवस चुलीजवळच्या रिकाम्या जागेकडे वळत राहते, हेंही तितकेंच खरें आहे.

मांजराबद्दलचा हा शोक फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें लिहून ठेविलें आहे कीं, ईजिप्त देशांत घरचें मांजर नैसर्गिक मरणानें गेलें, तर घरांतील सर्व माणसें आपल्या भुंवया काढून टाकीत. मेलेलीं मांजरें बुबास्टिस नगरांत नेऊन, त्यांच्या देहांना मसाला भरून, तेथें पुरण्याची चाल होती. पण तेथें मांजरामागें देवतेचें पाठबळ होतें. जेथें असें पाठबळ नाहीं, आणि जिवंतपणीं ज्याचे विशेष लाडही झाले नाहींत, अशा एका मांजराचें स्मरण एका घरानें कसें राखलें, ही हकीकत अधिक विचार करण्यासारखी आहे. ती जपानांतील आहे.

नात्सुमे सोसेकी हे अर्वाचीन जपानी वाङ्मयांतील अग्रगण्य कादंबरीकार. त्यांचा जन्म १८६७ चा व मृत्यु १९१६ चा. १९०४ च्या उन्हाळ्यांत ते टोकियोंत इंग्रजीचे अध्यापक असतांना एक भटकें पिलूं त्यांच्या घरांत शिरलें. त्यांच्या पत्नी क्योको यांना मांजरें आवडत नसत. त्यांनीं पिलाला बाहेर टाकावें आणि त्यानें पुन्हां आंत यावें, असें अनेक वेळां झालें. शेवटीं सोसेकी म्हणाले कीं, इतकें येतें आहे तर राहूं द्या. पुढें घरीं अंग रगडावयास येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनें त्या पिलाचे पंजे निरखले, नखांपर्यंत तें काळें असल्याचें पाहिलें, आणि असें मांजर घराला भाग्य आणतें, असें सांगितलें. तेव्हांपासून क्योकोबाईंचा विरोध मावळला. मात्र त्याला नांव असें कोणीं ठेविलें नाहीं. घरांत त्याला नुसतें ‘मांजर’ म्हणत.

भाग्याचें भाकित मात्र खरें ठरलें. १९०५ च्या जानेवारींत ‘होतोतोगिसु’ या मासिकांत ‘मी मांजर आहे’ अशा अर्थाच्या नांवाची सोसेकींची कथा प्रसिद्ध झाली. एक बिननांवाचें मांजर आपल्या मालकाच्या आणि त्याच्या विद्वान मित्रांच्या गमती सांगतें, अशी तिची रचना होती. वाचकांना ती इतकी आवडली कीं, १९०६ च्या ऑगस्टपर्यंत ती चालू राहून तिची मोठी कादंबरी झाली. धनी प्रसिद्धीस आले. मांजर होतें तेथेंच, होतें तसेंच राहिलें.

१९०७ सालीं हें कुटुंब वासेदा भागांतील घरांत राहावयास गेलें. त्यानंतर मांजर हळूहळू वाळत चाललें. त्याच्या अखेरच्या दिवसांचें वर्णन सोसेकींनीं १९०९ सालच्या एका लहानशा लेखांत केलें आहे, आणि या लेखाचें मोल त्याच्या प्रामाणिकपणांत आहे. मुलें त्याच्याशीं खेळेनाशीं झालीं. तें खाल्लेलें ओकूं लागलें. पाहुण्यांसाठीं ठेवलेल्या बैठका त्यानें खराब केल्या. सोसेकींनीं पत्नीला सांगितलें कीं, त्याला पाण्यांत औषध कालवून द्या. कांहीं दिवसांनीं विचारलें, तेव्हां उत्तर मिळालें कीं, तें तोंडच उघडत नाहीं. सोसेकी पुन्हां आपल्या पुस्तकांत मग्न झाले. शेवटच्या दिवशीं मांजर शेकोटीच्या कडेला बसून दिवसभर कण्हत होतें. आणि त्या रात्रीं पतिपत्नी दोघेंही त्याला साफ विसरून गेलीं. त्याच रात्रीं तें गेलें. सकाळीं मोलकरीण मागच्या कोठींत सरपण आणावयास गेली, तेव्हां एका जुन्या चुलीवर तें ताठ होऊन पडलेलें तिला दिसलें.

तो दिवस १३ सप्टेंबर १९०८ हा होता. त्यानंतर घराची वृत्ति पालटली. क्योकोबाई मुद्दाम जाऊन त्याला पाहून आल्या. नेहमींच्या रिक्षावाल्याला बोलावून त्यांनीं एक चौकोनी लांकडी खांब आणविला आणि त्यावर कांहीं लिहून द्यावें असें पतीला सांगितलें. सोसेकींनीं पुढच्या बाजूस ‘मांजराची समाधि’ असें लिहिलें व मागच्या बाजूस सतरा अक्षरांची एक कविता लिहिली. मांजराचा देह संत्र्यांच्या खोक्यांत घालून मागच्या बागेंत पुरला. काळी कड काढलेलीं पत्रें शिष्यांना गेलीं. त्यांत मृत्यूची वार्ता होती, आणि यजमान ‘सान्शिरो’ ही कादंबरी लिहिण्यांत गुंतलेले असल्यामुळें अंत्यविधीस येण्याची तसदी कोणीं घेऊं नये, अशी सूचनाही होती. विनोदाच्या या पातळ पडद्यामागें काय होतें, तें शिष्यांना समजलें असेल.

मुलांनीं समाधीच्या दोहों बाजूंस कांचेच्या बाटल्या ठेवून त्यांत हागीचीं फुलें घातलीं. समोर पेल्यांत पाणी ठेविलें. तें पाणी व तीं फुलें रोज बदललीं जात. एका संध्याकाळीं घरांतील एक लहानगी मुलगी एकटीच तेथें आली, खांबाकडे थोडा वेळ पाहात राहिली, आणि खेळण्यांतल्या पळीनें, पाकळ्या गळून पडलेलें तेंच पाणी पिऊं लागली. मृत्यु म्हणजे काय, हें तिला ठाऊक नव्हतें. मोठ्यांनीं मांजरासाठीं ठेवलेलें पाणी तिला आपलेंच वाटलें.

प्रत्येक पुण्यतिथीस क्योकोबाई सामन माशाचा एक तुकडा आणि सुक्या माशाचा कीस घातलेला भात मांजराच्या नांवानें ठेवीत. पुढें पुढें तो नैवेद्य बागेपर्यंत न जातां घरांतील कपाटावरच ठेविला जाऊं लागला. हेंही सोसेकींनीं लपविलें नाहीं. पुढें त्यांचा हेक्टर नांवाचा कुत्रा मेला, तेव्हां मांजराच्या समाधीपासून सुमारें सहा फुटांवर त्याचाही खांब उभा राहिला. १९१५ सालच्या आपल्या लेखमालेंत सोसेकी सांगतात कीं, अभ्यासिकेच्या कांचेंतून हे दोन्ही खांब दिसतात. एक काळवंडला आहे, दुसरा अजून कोरा आहे, आणि लौकरच दोन्ही एकाच रंगाचे होऊन कोणाच्या नजरेस येणार नाहींत. पुढल्याच वर्षीं ते स्वतः निवर्तले. त्यानंतर १९२० सालीं कुटुंबियांनीं त्या मुक्या जीवांसाठीं दगडी स्मारक उभारलें. १९४५ सालच्या हवाई हल्ल्यांत तें नष्ट झालें, आणि १९५३ सालीं उरलेल्या दगडांनिशीं पुन्हां उभें करण्यांत आलें. आज तें त्याच जागेवरील सोसेकींच्या नांवाच्या उद्यानांत आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, जिवंतपणीं औषधाचा एक घोट नीट पाजला नाहीं, मग मेल्यावर फुलें आणि भात कशाला? हा आक्षेप खोटा नाहीं. अठराव्या शतकांतील इंग्रज पंडित डॉक्टर जॉन्सन आपल्या हॉज नांवाच्या मांजरासाठीं स्वतः बाजारांत जाऊन कालवें आणीत. हें काम नोकरांवर टाकलें तर ते मुक्या प्राण्याचा राग करतील, अशी त्यांना धास्ती होती. बॉस्वेलनें ही गोष्ट नोंदविली आहे, आणि लंडनमध्यें हॉजचा पुतळाही १९९७ पासून उभा आहे. हॉजची काळजी त्याच्या हयातींत घेतली गेली, हें उत्तमच. पण पुष्कळशा घरांची रीत जॉन्सनची नसते. ती सोसेकींच्या घरासारखी असते. माणसें कामांत असतात. कोपऱ्यांतलें कण्हणें ऐकूं येतें, आणि उद्यां पाहूं म्हणून राहून जातें.

अशा घरांत मागून ठेवलेला घांस मेलेल्या मांजराला पोहोंचत नाहीं, हें खरें. परंतु घरांतील मुलें तो ठेवतांना पाहतात. ज्याला नांवसुद्धां दिलें नव्हतें, त्याचाही दिवस पाळावयाचा असतो, हें त्यांना न सांगतां कळतें. आणि पुढें केव्हां तरी पावसाळी रात्रीं दारांत दुसरें एखादें भिजलेलें पिलूं ओरडूं लागलें, तर दार उघडावयास कोणी तरी उठतें.