कोसळलेल्या पुलाचा जमाखर्च
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



आपण बराकपूरकर बी. टी. रोडची माणसे. 2018 साली माझेरहाटचा पूल कोसळला, त्यानंतर शहरातील जुन्या पुलांची तपासणी झाली आणि आपल्या वाटेवरचा टाला पूल कमकुवत ठरला. 2019 मध्ये त्यावरून जड वाहनांना बंदी आली, 2020 मध्ये तो पाडण्यास घेतला आणि 2022 च्या सप्टेंबरात नवा पूल खुला झाला. मधल्या काळात बसगाड्या वळसा घेऊन जात आणि आपण कुरकुरत असू. ती कुरकुर कितपत रास्त होती, हे ठरविण्यासाठी एका दूरच्या पुलाचा जमाखर्च आपणापुढे मांडतो.

अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरावरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल 26 मार्च 2024 रोजी, मध्यरात्रीनंतर, 'डाली' या मालवाहू जहाजाच्या धडकेने कोसळला. पुलावर खड्डे बुजविणारे सहा कामगार मृत्युमुखी पडले. तेही आपल्यासारखेच पोटासाठी घर सोडून आलेले. पूल टोलचा होता आणि मेरीलँड ट्रान्सपोर्टेशन अथॉरिटीच्या मालकीचा. ही संस्था कराच्या नव्हे, टोलच्या उत्पन्नावर चालते आणि कर्जरोख्यांची फेडही त्यातूनच करते.

या पुलाचा टोल वर्षाला 5 कोटी डॉलरांहून अधिक होता. तो एका रात्रीत थांबला. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. तरीही संस्था बुडाली नाही. तिच्या आठ टोलमार्गांचे उत्पन्न एकत्र जमा होते आणि वळलेली बरीच वाहने बंदराखालच्या तिच्याच दोन बोगद्यांतून टोल भरून जाऊ लागली. विम्याचे 35 कोटी डॉलर मिळाले. डिसेंबर 2024 मध्ये पुनर्बांधणीचा भार केंद्र सरकारने उचलला. ज्या संस्थेचा संसार एकाच पुलावर उभा असतो, तिला यातील पहिला आधार मिळाला नसता.

आता खर्चाची बाजू. नव्या पुलाचा पहिला अंदाज 1.7 ते 1.9 अब्ज डॉलरांचा होता. नोव्हेंबर 2025 मध्ये तो 4.3 ते 5.2 अब्जांवर गेला आणि मुदत 2030 च्या अखेरीपर्यंत लांबली. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मार्च 2025 मध्ये सांगितले की, जहाजाच्या धडकेने पूल कोसळण्याचा धोका मान्य मर्यादेच्या जवळजवळ तीसपट होता. तो धोका मोजण्याची रीत 1991 पासून उपलब्ध होती. संस्थेने मात्र तो हिशेब केलेलाच नव्हता. अब्जावधींच्या या खात्यात सर्वांत स्वस्त बाब तीच होती, आणि तीच राहून गेली.

आपल्या महाडजवळ 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एस. टी. गाड्या प्रवासी, चालक व वाहकांसह नदीत गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. महामंडळाला गाड्याही नव्या घेता येतात. घरी न परतलेल्या माणसांची नोंद मात्र कोणत्याही वहीत जमेला येत नाही.

पूल पडण्याआधी पाडणे हाही खर्चच आहे. परंतु तो रुपयांत मोजता येतो. टालाच्या वळशात आपली जी वर्षे गेली, ती या हिशेबाने स्वस्तात पडली, असेच मला वाटते.