जुन्या नळीची परीक्षा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि इतिहास यांवर व्याख्याने होतात, तेथे आम्ही आज रायफलीविषयी बोलावयास उभे आहोत, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्र हा काही आमचा प्रांत नव्हे. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीत गावोगावी बदल्या होत गेल्या, त्या ओघात रायफल क्लबांशी संबंध आला, आणि तेथे एक प्रश्न आमच्या कानी वारंवार पडला. मुलगा किंवा मुलगी क्लबच्या जुन्या रायफलीवर सराव करते, स्पर्धेत मागे पडते, आणि मग आईवडील विचारतात, "दोष रायफलीचा की आमच्या मुलाचा?" नवी परदेशी रायफल सामान्य चाकरमान्याच्या आवाक्यातील वस्तू नव्हे. उत्तर एका बाजूला चुकले तर कुटुंबाची शिल्लक खर्ची पडते. दुसऱ्या बाजूला चुकले तर मुलाचा आत्मविश्वास खचतो. म्हणून हा विषय केवळ शौकिनांचा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्यापैकी ज्यांनी एन.सी.सी.त कवायत केली आहे, त्यांना 'पॉइंट टू-टू'ची रायफल ठाऊक असेलच. तिचे काडतूस 'रिमफायर' जातीचे. ठिणगी देणारे स्फोटक द्रव्य त्याच्या बुडाच्या कडेत भरलेले असते आणि रायफलीची पिन त्या कडेवर आघात करते. .२२ लाँग रायफल या नावाचे हे काडतूस अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये प्रचारात आणले. त्याची शिशाची गोळी अवघी ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची. मोठ्या रायफलीचा नेमबाज आपली काडतुसे स्वतः मोजूनमापून पुन्हा भरू शकतो. रिमफायर काडतूस मात्र एकदा उडाले की संपले. कारखान्यातून जसे येईल तसे ते वापरावे लागते. तेव्हा या नेमबाजाच्या हाती दोनच गोष्टी उरतात : चांगली नळी मिळविणे आणि त्या नळीला मानवेल अशी काडतुसांची खेप निवडणे.

चांगल्या नळीचा हा ध्यास अमेरिकेत पराकोटीला पोहोचला. तेथील विंचेस्टर कंपनीची 'मॉडेल ५२' ही रायफल १९१९ मध्ये कॅल्डवेलच्या स्पर्धांत प्रथम दिसली आणि १९८० पर्यंत तिचे उत्पादन चालू होते. मुळात ती उत्तम. तरीही कित्येक नेमबाज तिची कारखान्याची नळी काढून एखाद्या नामांकित कारागिराकडून नवी नळी बसवून घेत. कनेक्टिकट राज्यातील एरिक जॉन्सन यांचे नाव अशा नळ्यांसाठी आदराने घेतले जाई. या कारागिरांच्या परंपरेतील आद्य पुरुष म्हणावेत असे हॅरी पोप (१८६१–१९५०) हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पदवीधर होते. १९०६ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटले, तोच त्या वर्षीच्या भूकंपाने व आगीने ते नष्ट झाले. तथापि त्यांनी जर्सी सिटीत पुन्हा आरंभ केला आणि वृद्धापकाळापर्यंत हातचे काम सोडले नाही.

या कारागिरांचे कौशल्य होते तरी कशात? नळीच्या आत ज्या सर्पिल खाचा असतात, ज्यांना आपण आटे म्हणू, त्या गोळीला स्वतःभोवती फिरवितात. .२२ च्या नळीत बहुधा १६ इंचांत एक पूर्ण फेरा असतो. पोप एकेक खाच पोलादी हत्याराने हलकेच कापीत. शिवाय त्यांची नळी तोंडाकडे अगदी किंचित निमुळती होत जाई. शिसे हा मऊ धातू. नळी वाटेत कोठे सैल पडली तर गोळीची पकड सुटते आणि ती प्रत्येक वेळी निराळ्या तऱ्हेने बाहेर पडते. नळी निमुळती असली तर पकड शेवटपर्यंत घट्ट राहते. तेव्हा या साऱ्या मेहनतीचे सार एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द 'सारखेपणा' होय.

आता जुनेपणाविषयी. शिशाची मऊ गोळी आणि दारूचा तुलनेने कमी दाब यांमुळे .२२ ची नळी झिजते फार हळू. काळजीने वापरलेली नळी हजारो गोळ्यांनंतरही उत्तम राहू शकते. जुन्या नळ्यांचा घात होतो तो बहुधा अन्य कारणांनी. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात गंज न आणणारी स्फोटक द्रव्ये काडतुसांत येऊ लागली. त्यापूर्वीच्या काडतुसांचे क्षार नळीत उरत, ओल धरीत आणि लगेच सफाई झाली नाही तर पोलाद खात. दुसरे कारण खुद्द सफाईचेच! निष्काळजीपणे तोंडाकडून घातलेली सळई नळीची कडा घासून टाकते. गोळीला शेवटचा स्पर्श होतो तो याच कडेचा. ती एका बाजूने झिजली की मागून सुटणारा वायू गोळीला एकीकडे ढकलतो. सुदैवाने हा दोष जाणत्या कारागिराकडून कडा नव्याने कापून घेतल्यास पुष्कळदा दूर होतो. सारांश, नळीचे वय विचारून काही कळत नाही; तिची निगा कशी राखली गेली, हे पाहावे लागते.

आणि नळी निर्दोष असली तरी काडतुसे जुळली पाहिजेत. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाहून थोडा कमी ठेवलेला असतो. कारण वाटेत ती सीमा ओलांडताना गोळी डळमळते. या वेगाने ५० मीटर जाईपर्यंत गोळी सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला १० मीटरांचा फरक पडला, तर लक्ष्यावर सात-आठ मिलिमीटर उंचीचा फरक पडतो. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर! यावरून खेपेचे महत्त्व ध्यानी यावे. एका नळीला मानवलेली खेप दुसरीला मानवेलच असे नाही. म्हणून जाणते नेमबाज निरनिराळ्या खेपांची थोडी थोडी काडतुसे आधी पारखून मगच साठा करतात.

मग परीक्षा कशी घ्यावी? निवांत, वारा नसलेल्या सकाळी, परवानगी असलेल्या रेंजवर, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून अनुभवी माणसाने गोळ्या झाडाव्यात. येथे एक मोह टाळावा लागतो. तीन गोळ्या एकाच भोकात गेल्या की तो कागद खिशात ठेवून जगाला दाखवीत फिरण्याची इच्छा होते. परंतु गणिताचा हिशेब असा की, त्याच रायफलीने तीनऐवजी दहा गोळ्या झाडल्या, तर सर्वांत दूरच्या दोन भोकांमधील अंतर सरासरीने दीडपटीहून थोडे अधिक भरते. रायफल बिघडलेली नसते. तीन गोळ्यांनी तिचा पुरता स्वभाव दाखविलेला नसतो, इतकेच. म्हणून दहा-दहा गोळ्यांचे निदान पाच गट घ्यावेत, त्यांतला एकही कागद फेकून देऊ नये आणि सरासरी काढावी. नळीवर कोणा थोर कारागिराचे नाव कोरलेले असल्यास संग्राहक तिला अधिक किंमत देईल. कागदावरील भोके मात्र नाव वाचीत नाहीत.

आता त्या आईवडिलांच्या प्रश्नाकडे वळू. रायफलीचा फैलाव आणि हाताचा फैलाव यांची सरळ बेरीज होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंपासून कर्ण निघावा, तशी ती होते. समजा, जुन्या रायफलीचा स्वतःचा फैलाव १० मिलिमीटर आहे आणि नवशिक्या मुलाच्या हाताचा २०. एकत्र फैलाव होईल सुमारे २२.४. उद्या त्याच्या हाती सर्वस्वी निर्दोष रायफल दिली तरी तो २० च्या खाली येणार नाही! म्हणजे एवढ्या खर्चाने साधले ते अडीच मिलिमीटरांहून कमी. उलट मुलाचा हात ८ वर आला असेल, तर त्याच जुन्या रायफलीने फैलाव १२.८ राहील, आणि ६ मिलिमीटरची रायफल दिल्यास तो १० वर येईल. येथे खर्चाचे चीज होते. तेव्हा आमचे सांगणे एवढेच की, आधी रायफलीची परीक्षा घ्यावी, मग मुलाची, आणि दोन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय कोणालाही दोष देऊ नये. जुनी रायफल नापास झाली तर तसे स्पष्ट म्हणावे. मुलाला उगाच बोल लावू नये. ती उत्तीर्ण झाली तर तिच्यावरच आणखी दोन वर्षे हात घोटावा.

हे घोटणे कोठवर नेते, याची साक्ष आपल्याच माणसांनी दिली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. रायफल हीच, .२२ ची. मध्य रेल्वेच्या सेवेत असलेल्या या तरुणाने अंतिम फेरीत ४५१.४ गुण मिळविले. म्हणजे ४४ गोळ्यांत प्रत्येकी सरासरी सव्वादहाच्या आसपास. एखाद्या गोळीने नव्हे, त्या सरासरीने पदक मिळाले.

आपल्या मंडळालाही आता पन्नास वर्षे झाली. त्यांतील एखाद्या गाजलेल्या गणेशोत्सवाची आठवण आपण कौतुकाने काढतो, ते योग्यच आहे. पण ज्या वर्षी वर्गणी जेमतेम जमली आणि श्रोते मोजकेच आले, त्या वर्षांचे कागदही कार्यवाहांनी जपून ठेवावेत, कारण सरासरी त्यांच्यासकटच काढावयाची असते.  सभेनंतर ज्यांना आपल्या मुलांविषयी काही विचारावयाचे असेल, त्यांनी अवश्य थांबावे. कागद आणि पेन्सिल आम्ही बरोबर आणली आहे.