सातबारा आणला, फेरफार राहिला

सातबाऱ्याचं महत्त्व आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पण भावकीत भांडण उभं राहिलं की वकील आधी विचारतो, फेरफार कुठाय? जमीन आज कुणाच्या नावावर आहे हे सातबारा सांगतो. ती कशी आणि कधी आली, हे फेरफाराच्या नोंदवहीत असतं. श्रोतेहो, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारेही अशीच वही ठेवतात. कोणती ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली, हे तिच्यात असतं. तिला व्हर्जन कंट्रोल म्हणतात.

२०११ साली लातूरच्या एका छोट्या कंपनीत पतसंस्थांचं सॉफ्टवेअर तयार होत होतं. वही होती सबव्हर्जन पद्धतीची. पद्धत चांगलीच, पण वही एकच आणि ती मुख्य संगणकावर. त्या काळात मराठवाड्यात भारनियमन किती होतं, ते तुम्ही भोगलंय. मुख्य संगणक बंद पडला की सगळ्यांच्या नोंदी बंद. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं, त्यात अख्खी वही प्रत्येकाच्या संगणकावर असते. लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर नोंद होते. म्हणून गिटवर जायचं ठरलं आणि मला नांदेडहून बोलावणं आलं.

मी घाई केली. सकाळच्या एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचलो, प्रोग्रॅमची त्या दिवशीची प्रत उचलून गिटमध्ये टाकली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. जुन्या नोंदी कशाला ओढत न्यायच्या, असं मला वाटलं. म्हणजे सातबारा आणला, फेरफार तिथंच सोडला. पुढं माझ्याच सांगण्यावरून जुना संगणक पुसून दुसऱ्या कामाला लावला.

दिवाळीनंतर तिथल्या एका मुलीनं दंडाच्या हिशेबातली एक ओळ निरुपयोगी समजून काढून टाकली. तिचं काय चुकलं? ती ओळ का होती, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. हप्त्याची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर दुसऱ्या दिवसापर्यंत दंड लावू नये, एवढंच तिचं काम. काही कर्जदारांना नाहक दंड लागला. एक म्हातारे सभासद पासबुक घेऊन पतसंस्थेत दोन तास बसून होते म्हणे. ओळ लिहिणारा मुलगा तोवर पुण्याला गेला होता. त्याला फोन लावला तर म्हणाला, "सर, मी कारण लिहून ठेवलं होतं की तिथंच, तारखेसकट." मी काय बोलणार?

त्यानंतर मी असं काम कधी एका दिवसात केलं नाही. गिटसोबतच येणाऱ्या साधनानं सबव्हर्जनच्या जुन्या नोंदी एकेक करून नव्या वहीत उतरतात. वेळ लागतो, रात्रभरही लागतो. नोंदींची संख्या जुळवायची, शेवटची प्रत फाईलमागून फाईल ताडून पाहायची, आणि जुनी वही नुसती वाचण्यापुरती काही महिने तशीच ठेवायची. त्यात जुने चढते क्रमांकही जपायचे. "चारशे बारा नंबर बघ" असं म्हणायची लोकांची सवय असते. गिटमध्ये त्या जागी चाळीस अक्षर-अंकांची लांबलचक ओळख येते, ती कुणाच्या तोंडात बसणार?

नवख्यांचा घोटाळा मात्र ठरलेला. सबव्हर्जनमध्ये नोंद केली की ती सगळ्यांना दिसते. गिटमध्ये नोंद आपल्याच संगणकावर राहते, ती सामायिक वहीत वेगळी धाडावी लागते. पहिल्या आठवड्यात कुणीतरी येतंच, "सर, काल केलेलं काम तिकडं दिसंना झालंय!"

मला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो नावांना. जुन्या वहीत दोन-तीन अक्षरी खुणा असतात, गिटला पूर्ण नाव लागतं. मग ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या माणसाला चहा पाजून एकेक खूण कुणाची ते विचारत बसायचं. सोडून गेलेल्यांचीही. नांदेडला एका ठिकाणी अशी यादी लावताना तिथल्या प्रमुखांना त्यांची सात वर्षांपूर्वीची पहिली नोंद सापडली, चुकीच्या स्पेलिंगसकट. दुरुस्त करता येईल का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणालो, राहू द्या साहेब.