व्यसनमुक्तीचा व्रतस्थ : डॉ. अनिल अवचट



१९८२च्या जानेवारीत कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लालबाग-परळचे भोंगे थंडावले. हजारो घरांची चूल विझली. त्याच दशकात ‘गर्द’ नावाचे विष मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत शिरले. १९८५ साली केंद्र सरकारने अमली पदार्थविरोधी कायदा केला. कायदा विक्रेत्याला गजाआड घालू शकतो. परंतु घरात तडफडणाऱ्या मुलाला बाहेर काढण्यासाठी माणूसच लागतो. डॉ. अनिल अवचट हे असे माणूस होते.

जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे १९४४ साली जन्मलेल्या अवचटांनी वैद्यकीय पदवी घेतली, पण हाती लेखणी धरली. गर्दच्या विळख्यात सापडलेल्यांच्या व्यथा त्यांनी लिहिल्या. गिरगावालगतच्या गावदेवीत जन्मलेले पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई त्या लेखनाने अस्वस्थ झाले. त्यांनी १ लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात कार्यरत असलेल्या त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या कार्याच्या प्राण होत्या. १९९७ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. कार्य मात्र थांबले नाही.

गर्द बंद केला की अंग मोडून येते, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, झोप उडते. रुग्ण याला ‘टर्की’ म्हणतात. हा शारीरिक त्रास काही दिवसांत ओसरतो. मनाची ओढ मात्र राहते. म्हणूनच मुक्तांगणात ३५ दिवसांचा उपचारक्रम ठरला. तेथे व्यसनी माणसाला गुन्हेगार नव्हे, तर रुग्ण मानले गेले. व्यसनातून बाहेर पडलेलेच तेथे नव्या रुग्णांचे आधार बनले. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला, कारण व्यसन एकाचे असले तरी पोळते सारे घर. अवचट स्वतः बासरी, चित्रे, लाकडातील शिल्पे, कागदाच्या घड्या यांत रमणारे. व्यसनाने रिकामी केलेली जागा आनंदाने भरावी लागते, हे त्यांचे जगणेच सांगत होते.

अवचट समाजवादी युवक चळवळीतून आले. विचारांची वाट वेगळी असली, तरी सेवेला कुंपण नसते. २७ जानेवारी २०२२ रोजी ते गेले.

त्यांचे स्मरण करताना एक प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल. चाळीतला एखादा तरुण उपचार घेऊन परततो, तेव्हा आपण त्याला काय देतो? संशयाची नजर, की उत्सव मंडळातील एखादी जबाबदारी? घरचे लोक लाजेने आजार लपवतात, कारण शेजारी कुजबुजतात. मुक्त झालेला माणूस पुन्हा घसरूही शकतो. तो या आजाराचाच भाग आहे. त्या वेळी दार लावून न घेता त्याला पुन्हा उपचारांकडे नेणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे. आपापल्या वस्तीतील अशा एका घराची कडी वाजवावी. अवचटांना तीच खरी आदरांजली ठरेल.