थांबायचे पैसे

लोकलमध्ये कानात हेडफोन घालून ऐकणारे, भांडी घासता घासता ऐकणारे आणि ऐकायला वेळ नाही म्हणून इथे येऊन वाचणारे, सगळ्यांचं स्वागत. नेहमीप्रमाणे मी बोललो तसंच इथे उतरवलंय, फक्त मधले "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" काढून टाकलेत.

आजचा विषय झाडांची छाटणी. थांबा, लगेच पुढच्या भागावर जाऊ नका. हा विषय माझ्या एका चुकीचा आहे आणि ती चूक तुमच्या सोसायटीतही होऊ शकते. कदाचित याच वर्षी.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या पार्किंगवर एक मोठा पर्जन्यवृक्ष आहे. रेन ट्री म्हणतात ना, तोच. त्याच्या दोन फांद्या गाड्यांवर आलेल्या. मी तेव्हा कमिटीत नवीन होतो, उत्साह भरपूर. छाटणीचा अर्ज मीच लिहिला, सहीही माझीच. कारणं दोन दिली. एक, वादळात फांदी पडण्याचा धोका. दोन, "दर पावसाळ्यात पक्ष्यांच्या विष्ठेमुळे वाहनांचे नुकसान होते." हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, त्यावर परत येणार आहे.

परवानगी मिळाली मे महिन्यात. पण वर्गणी गोळा व्हायला वेळ लागला, मग ठेकेदाराला वेळ नव्हता. असं करत करत माणसं आली ती जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. मी ऑफिसात होतो. दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्या वॉचमनकाकांनी एक फोटो टाकला. खाली काहीच लिहिलं नव्हतं. ओल्या फरशीवर, कापलेल्या फांद्यांच्या मध्ये, पिसं धड न फुटलेली पिल्लं पडली होती.

मी घरी पोहोचेपर्यंत काम बंद झालं होतं. आम्ही मोजली. अकरा पिल्लं. त्यातली सात जिवंत. ढोकरीची होती, जिला पुस्तकात वंचक म्हणतात, आणि दोन रातबगळ्याची. आम्ही सगळे मोबाईल हातात घेऊन नुसते उभे. कोणी म्हणालं दूध पाजा, कोणी म्हणालं पाव द्या. शेवटी खालच्या मजल्यावरच्या एका कॉलेजच्या मुलीने वनविभागाचा नंबर लावला. माणसं आली, पिल्लं घेऊन गेली. सातपैकी चार वाचली असं नंतर कळलं.

त्या रात्री ग्रुपवर सगळ्यांनी ठेकेदाराच्या माणसांना शिव्या घातल्या. "यांना काही वाटत नाही का?" वगैरे. मीही एक रागाची इमोजी टाकली. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी फांद्या उचलायला तीच माणसं आली. त्यात झाडावर चढणारे एक मामा होते, पन्नाशीचे. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "मामा, वर घरटी दिसली नाहीत का?"

ते म्हणाले, "दिसली ना साहेब. सगळ्यात आधी मलाच दिसतात."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबलो तर माझी हजेरी कोण देणार? झाड पुरं झालं की पैसे. अर्ध्यातून उतरलो तर माझा रोज गेला आणि उद्या दुसरा माणूस चढणार. तुमच्या कागदावर लिहिलंय का कुठे, की घरटं दिसलं तर थांबा म्हणून?"

नव्हतं लिहिलेलं. तो कागद मीच टाईप केला होता.

आणि मग मला माझं ते दुसरं वाक्य आठवलं. "दर पावसाळ्यात पक्ष्यांची विष्ठा." अरे, दर पावसाळ्यात एकाच झाडाखाली पांढरा सडा पडतो याचा अर्थच हा की वर बगळ्यांची वसाहत आहे! घरट्यांचा पुरावा मी स्वतः अर्जात लिहून दिला होता आणि मलाच तो कळला नव्हता.

आता जरा माहिती घेऊ, कारण नुसतं वाईट वाटून काही होत नाही.

आपल्याकडे छाटणी होते पावसाळ्याच्या तोंडावर. कारणही खरं आहे. दरवर्षी झाडं आणि फांद्या पडून माणसं दगावतात. त्यामुळे "पक्ष्यांसाठी छाटणीच नको" असं मी म्हणणार नाही. पण पक्ष्यांचं कॅलेंडर बघा. तांबट, तो टुक-टुक करणारा, जानेवारीपासून वाळक्या फांदीत भोक पाडून घरटं करतो. पोपट आणि पिंगळे हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत ढोलीत असतात. एप्रिल ते जून कावळ्यांची घरटी, आणि त्यातच कोकिळेची अंडी. जून ते सप्टेंबर बगळे, ढोकऱ्या, पाणकावळे. आणि डिसेंबरच्या सुमारास उंच झाडांवर घारी काड्या गोळा करायला लागतात.

म्हणजे पूर्ण रिकामा असा एकही महिना नाही. त्यातल्या त्यात शांत काळ म्हणजे पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबर. नेहमीची छाटणी तेव्हा करून टाकली तर मे महिन्यात फक्त खरोखर धोकादायक फांदी बघावी लागते.

यातला धनेशाचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. राखी धनेश आपल्या शहरांतही दिसतो. त्याची मादी उन्हाळ्यात झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल-विष्ठेने तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळून पडतात. नर बाहेरून वड-पिंपळाची फळं आणून भरवतो. आता ती फांदी कापली तर? घरटं तर जातंच, पण आतली मादी उडूही शकत नाही. आणि आपण खालून बघून काय म्हणतो? "ही पोकळ झालीय, हिला आधी उडवा."

दुसरी गोष्ट, कायदा. झाड तोडायची परवानगी वृक्ष प्राधिकरण देतं, त्यासाठी महाराष्ट्रात १९७५चा शहरी झाडांचा कायदा आहे. छाटणीसाठीही पालिकेकडे अर्ज करावा लागतो. पण ती परवानगी झाडाची असते, घरट्याची नाही! वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये "शिकार" शब्दाची व्याख्या वाचा. बंदूक घेऊन जंगलात जाणं एवढाच तिचा अर्थ नाही. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही त्यात येतं. म्हणजे त्या दिवशी आमच्या पार्किंगमध्ये जे झालं, त्याला कायद्याच्या भाषेत काय म्हणतात हे मला त्यानंतर कळलं.

तुम्हाला केरळमधला तो व्हिडिओ आठवत असेल. सप्टेंबर २०२२, मलप्पुरम जिल्ह्यातलं तिरुरंगाडी. महामार्ग रुंद करण्यासाठी एक झाड मशीनने आडवं केलं आणि त्यावरची घरटी पिल्लांसकट रस्त्यावर आपटली. अनेक पिल्लं मेली. झाड कोसळताना मोठे पक्षी उडतात, तो एक क्षण बघवत नाही. तेव्हा देशभर सगळे हळहळले, मीही तो व्हिडिओ फॉरवर्ड केला होता. आणि पुढे आमच्या पार्किंगमध्ये मीच त्याची छोटी आवृत्ती घडवून आणली.

बरं, मग करायचं काय? आमच्या सोसायटीत आता जे करतो ते सांगतो.

एक. छाटणीच्या दोन-तीन दिवस आधी झाड बघायचं. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी अंधार पडताना वीस मिनिटं. मोबाईलचा झूम पुरतो. खाली पांढरे डाग आहेत का, अंड्यांची टरफलं आहेत का, माशांचा वास येतो का, पक्षी काडी घेऊन एकाच जागी जातोय का, एखाद्या भोकात कोणी सारखं ये-जा करतंय का. झाडाचा फोटो काढून घरटं असलेल्या फांदीवर बोटानेच गोल काढायचा आणि तो फोटो चढणाऱ्या माणसाला दाखवायचा.

दोन. घरटं दिसलं तर वाट बघायची. ढोकरी किंवा गायबगळ्याची अंडी साधारण साडेतीन आठवड्यांत फुटतात आणि पुढे महिन्याभराने पिल्लं उडायला लागतात. म्हणजे साधारण दोन महिन्यांचा प्रश्न. तेवढे दिवस गाडीला कव्हर घाला, नाहीतर दोन गाड्या पलीकडे लावा. आम्ही झाडाखालच्या जागा पावसाळ्यापुरत्या दोरी लावून बंद करतो. कुरबुर होते, पण होते तर होते.

तीन. फांदी खरोखर मोडायला आलीय, खाली माणसं आहेत, थांबता येत नाही. मग आधी खालची जागा रिकामी करायची आणि वनविभागाला कळवायचं. महाराष्ट्रात त्यांचा हेल्पलाईन नंबर आहे १९२६. सेव्ह करून ठेवा, आत्ताच. मग फक्त तेवढीच फांदी काढायची, "आलोच आहोत तर सगळंच भादरून टाकू" असं नाही. एका बाजूने झाड बोडकं केलं की त्याचा तोल जातो, म्हणजे धोका उलट वाढतो. आणि ढोली असलेली फांदी खाली टाकायची नाही, दोरी बांधून हळूहळू उतरवायची.

चार. पिल्लू पडलंच तर. खोक्याला भोकं पाडा, तळाला सुती कापड घाला, पिल्लू आत ठेवा, झाकण लावा, शांत आणि अंधाऱ्या जागी ठेवा. दूध नाही, पाव नाही, चोचीत पाणी ओतायचं नाही. बगळ्याचं पिल्लू घाबरलं की चोच थेट डोळ्यावर मारतं, त्यामुळे चेहरा लांब ठेवा आणि टॉवेल टाकून उचला. पूर्ण पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू असेल तर बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं. आई जवळच असते. मांजर-कुत्री लांब ठेवा आणि बाजूला व्हा. माणसाने हात लावला की आई टाकून देते, हे खरं नाही. आणि हो, घरी पाळायचं नाही. कायद्याने तेही चालत नाही.

आता पाचवी गोष्ट, ज्यासाठी आजचा भाग केला.

घरटं सगळ्यात आधी कोणाला दिसतं? झाडावर चढलेल्या माणसाला. कमिटीला नाही, अधिकाऱ्याला नाही, पक्षीप्रेमींना नाही. आणि थांबल्यावर नुकसान कोणाचं होतं? त्याच माणसाचं. जोवर हे असंच आहे तोवर आपली सगळी जागरूकता जमिनीवरच राहणार.

म्हणून आमच्या वर्क ऑर्डरमध्ये आता एक ओळ आहे. "काम सुरू असताना घरटे, अंडी, पिल्ले किंवा ढोलीत प्राणी-पक्षी आढळल्यास त्या फांदीचे काम लगेच थांबवावे. थांबवल्याबद्दल कामगारांची त्या दिवसाची पूर्ण मजुरी सोसायटी देईल." बास. पहिल्या वर्षी मीटिंगमध्ये यावर पाऊण तास वाद झाला. एका काकांनी विचारलं, "काम न करायचे पैसे द्यायचे?" मी म्हटलं, "काका, थांबायचे पैसे द्यायचे. तेही कामच आहे."

गेल्या नोव्हेंबरात तेच मामा आले होते. मी मुद्दाम त्यांनाच बोलवायला सांगितलं. तासाभरात वरून हाक आली, "साहेब, इकडे बघा!" त्यांनी वरूनच मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. पलीकडच्या आंब्याच्या शेंड्यात घारीच्या जोडीने काड्या रचायला सुरुवात केली होती. खालून आम्हाला, एवढं दोन दिवस बघूनही, दिसलं नव्हतं. मामा उतरले, हात धुतले, चहा प्यायले. आंबा तसाच ठेवला. त्यांना आणि त्यांच्या दोन्ही जोडीदारांना पूर्ण रोज दिला. निघताना म्हणाले, "एवढी वर्षं चढतोय, खाली उतरल्याचे पैसे पहिल्यांदा मिळाले."

पर्जन्यवृक्षावर ढोकऱ्या परत आल्या का, असं बरेच जण विचारतात. दोन पावसाळे नाही आल्या. यंदा तीन घरटी आहेत. आधी किती होती हे मला माहीत नाही, कारण तेव्हा मी कधी मान वर करून मोजलीच नव्हती.

तर गृहपाठ असा. तुमच्या सोसायटीची, कॉलेजची, गावातल्या शाळेची छाटणी कधी आहे ते विचारा. कमिटीत नसलात तरी विचारता येतं. आणि ती एक ओळ वर्क ऑर्डरमध्ये घालून घ्या. वर लिहिली आहे, सरळ कॉपी करा, माझं नाव नको. मान्य झाली की मला कळवा. वाद झाला तर तोही कळवा, पाऊण तासाचा अनुभव आहे माझ्याकडे.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि अधूनमधून वर बघत जा.